मागे दिलेला चेंडू

ओट्याच्या कडेला ठेवलेला ताकाचा पेला यमुनाचं कोपर लागून खाली आला आणि माझा उजवा पाय पुढे गेला. हात गेला असता तर मला काही वाटलं नसतं. हातांनी मी जन्मभर पडत्या वस्तू झेलत आलो आहे. ताटल्या, चष्मे, फळीवरून घसरलेली पिठाची बरणी, एकदा तर शेजाऱ्यांचं मांजर. पण आज हात जागचे हलले नाहीत. एका हातात घावणाचा तुकडा होता, दुसरा मांडीवर होता, आणि पाय मात्र मला न विचारता पेल्याखाली गेला, पेला टेकला तसा किंचित मागे आला, आणि पेला पावलावरून उतरून फरशीवर गपचूप आडवा झाला. ताक सांडलं, ते सांडणारच होतं. पण स्टीलचा पेला पडल्यावर घरभर जो खणखणाट होतो तो झाला नाही, आणि तो झाला नाही म्हणूनच यमुनानं वळून पाहिलं.

“पायानं झेललात?”

“मी कुठे झेलला? पायानं झेलला.”

“मग उद्यापासून घावणेही पायानंच घाला,” ती म्हणाली आणि फडकं घेऊन खाली बसली. पुसता पुसता तिला हसू आवरेना.

मी ताकानं भिजलेल्या पावलाकडे बघत बसलो. भीती वाटत नव्हती, आणि आनंद म्हणावा तर तोही पुरता नव्हता. आपल्याच घरात आपल्या खुर्चीवर कुणी अनोळखी माणूस आरामात चहा पीत बसलेला दिसावा, तसं काहीतरी झालं. चौपन्नाव्या वर्षी माणसाच्या अंगाला जे यायचं ते येऊन गेलेलं असतं आणि जे जायचं ते जायला लागलेलं असतं, असा माझा समज होता. डॉक्टरांचाही तोच आहे. आणि इथे माझा पाय माझ्या पाठीमागे काहीतरी शिकून बसला होता. मी यमुनाला म्हणालो, “चांगला शकुन आहे.” ती म्हणाली, “शकुन बिकुन काही नाही, महिनाभर गच्चीवर धिंगाणा घातलाय आपण दोघांनी, त्याचं फळ आहे. पाय धुवा आधी. नाहीतर गोलात मुंग्या लागतील.” खाली रस्त्यावरून चर्चमधला मिस्सा आटोपून परतणाऱ्या लोकांचे आवाज यायला लागले होते. मिस्सा झाला म्हणजे थोड्या वेळानं शेजारच्या बेनेडिक्टच्या शेतात फुटबॉलची फायनल सुरू होणार, आणि आमच्या विहीरआळीच्या गोलात मी उभा राहणार. उभा राहणार हे ठरलेलंच होतं. माझे सहा गडी मला चेंडू देणार की नाही, ते तेवढं ठरायचं होतं.

बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. गोलकीपरला आपल्याच लोकांनी चेंडू कशाला द्यायचा? समोरचे देतातच की, आणि चांगले जोरात देतात. मलाही पूर्वी असंच वाटायचं. आता बांबूच्या दोन खांबांमध्ये उभा राहून मी समोर बघत होतो. भात कापून झालेलं शेत, मधले बांध फोडून एक केलेलं, बोटभर उंचीची धसकटं तुडवून तुडवून बसवलेली, चहूबाजूच्या बांधांवर लोक, एका बाजूला पेंढ्याच्या उडव्यावर चढून बसलेली पोरं, आणि पलीकडे आमच्या ‘सी ब्रीझ’ बिल्डिंगची मागची बाजू, जिच्यातून ना समुद्र दिसतो ना वारा येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत यमुना उभी असेल असा माझा अंदाज होता. उन्हं कोवळी होती, पेंढ्याचा गोडसर वास येत होता, आणि चेंडू शेताच्या दुसऱ्या टोकाला होता. चेंडू दुसऱ्या टोकाला असला की गोलकीपरकडे जगातला सगळा वेळ असतो. मी आयुष्यातला सगळ्यात चांगला विचार अशाच वेळी केलेला आहे. यमुनाला लग्नाचं विचारायचं हेसुद्धा मी गोदीच्या मैदानावर, कस्टमच्या संघाविरुद्ध खेळताना, आमचे लोक तिकडे कॉर्नर घेत असताना ठरवलं होतं.

तेव्हा मी गोदीतल्या एका वर्कशॉपच्या संघात होतो आणि मला तयार केलं ते धुरीमामांनी. ते आमच्या तालुक्यातले, मालवणकडचे, फिटर होते आणि माझ्याआधी तेच गोलात उभे राहत. बोटं सगळी वाकडी. मला पहिल्या दिवशी त्यांनी रेषेवर उभं केलं आणि विचारलं, “उंबरठो कधी घर सोडून फिरता काय रे?” मी म्हणालो, नाही. “मग तूय फिरू नको. गोलकीपर म्हणजे उंबरठो. येतलो तो तुका ओलांडून येतलो.” हे मी मनावर घेतलं, आणि जरा जास्तच घेतलं. रेषा सोडायची नाही. नजर चेंडूवर. तोंड बंद. आपल्या माणसानं घाबरून चेंडू मागे दिलाच तर दोन्ही हातांनी उचलायचा, जमिनीवर दोनतीनदा आपटायचा, सगळ्यांना श्वास घेऊ द्यायचा, आणि मग लांबच लांब मारून द्यायचा, तिकडे ज्याचं नशीब असेल त्याला मिळेल. पुढे जगातल्या शहाण्या लोकांनी नियम बदलला. आपल्या गड्यानं पायानं दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही, पायानंच खेळायचा. आम्ही गोदीत त्या नियमाला फारसा भाव दिला नाही. मागे चेंडू देणंच बंद केलं, झालं. पण दिवसभर चेंडू आपल्याकडे न येणं म्हणजेच सुख, हे माझ्या अंगात तेव्हा जे मुरलं ते मैदानापुरतं राहिलं नाही. मी ऑफिसातही तसाच वागलो, बिल्डिंगमध्येही. कुणी काही द्यायला येऊ नये, कुणाला काही द्यायला लागू नये. संध्याकाळी घरी आलो की दार लावून घ्यायचं. इथे उमेळ्यात राहायला येऊन आम्हाला वीसेक वर्षं होत आली, तेव्हासुद्धा खालच्या रस्त्यावर मला ओळखणारे दोघेच होते, पाववाला आणि एक तपकिरी कुत्रा.

बेनेडिक्ट मला भेटला तो पपईमुळे. आमच्या कुंपणाला लागून त्याची वाडी आहे. केळी, चाफा, दोन विहिरी, आणि अगदी भिंतीशी एक उंच पपई. एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो आणि तो काठीनं पपई पाडत होता. पपई सुटली ती त्याच्या अंगणात न पडता भिंतीवरून आमच्या बाजूला आली. मी डबा बगलेत मारला आणि दोन्ही हात पुढे करून, छातीकडे ओढून घेत, ती झेलली. पूर्ण पिकलेली होती, पण तिला ओरखडा आला नाही. भिंतीवरून त्याचं डोकं वर आलं. पपईकडे बघून झाल्यावर त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, “भाऊ, वय काय तुमचं?” मला जरा रागच आला. ओळख ना पाळख, आणि वय विचारतो. मी म्हणालो, पन्नास. “पुरी झाली पन्नास?” म्हटलं, गेल्याच महिन्यात. तर हा माणूस भिंतीपलीकडून मोठ्यानं हसला आणि ओरडला, “केल्विन! अरे म्हातारा मिलाला!”

त्यामागची गोष्ट मला नंतर कळली. बेनेडिक्टचे वडील, सॅन्टनबाबा, यांच्याकडे आळीतल्या पोरांनी फार वर्षांपूर्वी भात कापल्यावर खेळायला शेत मागितलं होतं. ते म्हणाले, देतो, पण शेत माझं, तर मीही खेळणार. साठीचा माणूस, धोतराचा काचा मारून उतरला. मग समोरच्या चर्चआळीनं म्हटलं, तुमचा एक म्हातारा तर आमचाही एक म्हातारा. तेव्हापासून नियमच पडला. सात-सात जणांचा संघ, त्यात पन्नाशी ओलांडलेला एक गडी असलाच पाहिजे, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत शेतात असला पाहिजे. सॅन्टनबाबा गेले, नियम राहिला. त्यांच्यानंतर बेनेडिक्ट खेळला, त्याचा गुडघा गेला, आणि विहीरआळीत पन्नाशीचा धडधाकट माणूस सापडेना. मग मी सापडलो. आणि या म्हाताऱ्याला उभं कुठे करायचं, तर सगळ्या आळ्यांनी वर्षानुवर्षं एकच केलं. गोलात. कमी पळावं लागतं ना! मला तर ते सोन्याहून पिवळं होतं. दोन वर्षं मी तिथे असा उभा राहिलो की बायका बांधावरून “बिल्डिंगवाले काका” म्हणून टाळ्या वाजवायला लागल्या. रस्त्यातून जाताना लोक हाक मारायला लागले. कुणी घरी चाफा आणून दिला, कुणी नाताळात करंज्या आणि केक. यमुना म्हणाली, “एवढी वर्षं इथे राहतोय, पण राहायला आता आलो.” ते अगदी खरं होतं, आणि मला ते इतकं आवडलं होतं की मी कुणाजवळ बोललोसुद्धा नाही.

गेल्या वर्षी मात्र चर्चआळीची पोरं हुशार झाली. ती रोज मोबाइलवर परदेशातले सामने बघतात. त्यांच्या लक्षात आलं की हल्ली गोलकीपर हा शेवटचा माणूस नसून पहिला माणूस आहे, खेळ त्याच्यापासून सुरू होतो. त्यांनी आपला म्हातारा उचलून आमच्या गोलाजवळ नेऊन ठेवला, नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून टांगलेल्या बाहुलीसारखा, आणि आपल्या गोलात एक चपळ पोरगा घातला. आणि मग त्यांनी आमच्या लोकांना असं कोंडलं की चेंडू माझ्याकडे मागे देण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पहिला चेंडू आला. हात लावायचा नाही. समोरून त्यांचा रिचर्ड, बैलासारखा मान खाली घालून, धावत येतोय. मी पाय मारला तो जमिनीला. दुसऱ्या वेळी चेंडूला मारला, पण चेंडू रिचर्डच्या पोटाला लागून गोलात गेला. तिसऱ्याचं मी सांगत नाही. त्यातल्या गोलांचं मला आता काही वाटत नाही. मला आठवतं ते वेगळंच. चेंडू मला दिला की माझे सहाच्या सहा गडी जागच्या जागी थांबायचे आणि वळून माझ्याकडे बघायचे, दूध उतू जातंय का बघावं तसे. आणि तिसऱ्या गोलानंतर त्यांनी मला चेंडू देणंच बंद केलं. उमेळ्याची माणसं तोंडावर कधी कुणाला दुखवत नाहीत. फक्त उरलेला सगळा वेळ चेंडू अडचणीत सापडला की नाल्यात जायचा, बांधापलीकडे जायचा, एकदा तर बायकांच्या चहाच्या पातेल्यात गेला, पण माझ्याकडे आला नाही. ज्याला मी उभं आयुष्य सुख म्हणत आलो ते मला तेव्हा मिळालं, आणि मला रडू आलं. खरंच आलं. हातमोज्यांनी डोळे पुसता येत नाहीत, हेही त्या दिवशी कळलं.

“काका, सोडा!” केल्विन ओरडला, आणि मी भानावर आलो. चेंडू उंच येत होता. मी दोन पावलं मागे गेलो, उडालो, आणि बोटांच्या टोकांनी तो आडव्या बांबूवरून पलीकडे काढला. सोडायचा नव्हताच तो, सोडला असता तर आत गेला असता. टाळ्या वाजल्या. हात अजून हात होते. केल्विननं लांबून अंगठा दाखवला, आणि मी त्याच्याकडे बघून हसलो. तो बेनेडिक्टचा मुलगा, आमचा कर्णधार, अंधेरीत कुठल्याशा कंपनीत आहे, फार सरळ पोरगा. नाताळच्या आधी तो घरी आला होता तो मुद्दाम वेळ काढून, बरोबर केळी घेऊन. केळी घेऊन आला तेव्हाच मी ओळखलं.

“काका, या वर्षी तुम्ही पुढे उभे राहाल का? म्हणजे त्यांच्या गोलकडे. काही टेन्शन नाही. फक्त उभं राहायचं.”

“फक्त उभं राहायचं?”

“म्हणजे, तसं नाही हो काका... गोलमध्ये शर्लिनला टाकतो म्हटलं. तिचे पाय चांगले आहेत. आता गेम बदललाय ना. गोलकीपरनं फक्त बॉल अडवून भागत नाही, तिथून बिल्डअप करायला लागतो.”

शर्लिन म्हणजे त्याची धाकटी बहीण, आमच्या संघात मागे खेळते. मी म्हणालो, हो, बरोबर आहे, आणि आतमध्ये जाऊन पाणी प्यायलो. रागावण्यासारखं काही नव्हतं. पोरगा खरं बोलत होता. पण मला ‘फक्त उभं राहायचं’ हे जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी बेनेडिक्टला ते कळलं आणि तो काठी टेकत थेट आमच्या दारात आला, केल्विनला बरोबर घेऊन. “गोलात हाच उभा राहनार,” तो म्हणाला. “कोन नाय म्हनतो? माझ्या बापानं शेत दिलं तेव्हा त्याला कोनी विचारलं नव्हतं, तुझे पाय कसे हायेत म्हनून. शेत माझं हाय.” केल्विन खाली बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि मला म्हणाला, “ठीक आहे काका. पप्पांचा शब्द. पण एक सांगतो, राग मानू नका. बॅकपास मी देणार नाही तुम्हाला. कोणीच नाही देणार. बॉल अडकला तर बाहेर मारू, पण मागे नाही.” मला तो त्या क्षणी फार आवडला. बापासमोर एवढं बोलायला धाडस लागतं. मी म्हणालो, “नको देऊस. द्यावासा वाटला तर दे.” आणि तो गेल्यावर मी शर्लिनला फोन केला.

तिनं मला आमच्या गच्चीवर शिकवलं, पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत, सकाळी तिची नोकरीची वेळ व्हायच्या आधी. ती एका लॅबमध्ये आहे, रक्त काढते, त्यामुळे घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे तिला पक्कं ठाऊक. पहिल्या दिवशी मी चेंडूला लाथ घातली तो टाकीवर आपटला आणि चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी लुंगीवर वर आले. तिनं त्यांनाही शांत केलं. मला म्हणाली, “काका, पाय एवढा कडक का करता? पपई कशी झेलली होती तुम्ही? पप्पा अजून सांगतात सगळ्यांना.” मी म्हणालो, हात मागे घेतले. “मग पाय मागे घ्या ना. तेच आहे.” तेच होतं. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. मग माझं दुसरं दुखणं निघालं. कुणी अंगावर धावून आलं की माझे डोळे चेंडूवरून उडायचे. शर्लिन कामावर गेल्यावर याचा सराव यमुनानं घेतला. ती ओढणी कमरेला खोचायची, झाडू उगारायची आणि गच्चीच्या त्या टोकावरून माझ्यावर धावून यायची. रिचर्ड तिच्यापुढे काहीच नाही. “इतक्या वर्षांची हौस फिटतेय माझी,” ती धापा टाकत म्हणायची. संध्याकाळी दिवाणखान्यात माझ्या पायांकडे मोज्यांचे गोळे फेकायची, कधी लिंबं. मी टीव्ही बघत असलो तरी. मला वाटतं आम्ही दोघं इतकं हसलो नव्हतो कधी.

एक गोष्ट मात्र शर्लिननं अगदी शेवटी सांगितली. मी तिला विचारलं होतं की बाळा, पाय आले समजा, पण त्या लोकांनी चेंडू दिलाच नाही तर? मी हात वर करतो, ‘दे दे’ म्हणून ओरडतो, अजून काय करू? ती बुटाची नाडी बांधत होती. “ओरडून कोणी देत नाही काका. उलट टेन्शन येतं. तुम्ही रेषेवर उभं राहून ओरडता, तिथे तुम्ही त्याला दिसतच नाही. बाहेर या. तो अडकला की त्याला बघता येईल अशा जागी जाऊन उभे राहा. दिसलं पाहिजे त्याला, की तुम्ही आहात. मग द्यायचं नाही द्यायचं, त्याचं त्याला ठरवू दे.” मी त्या रात्री अंथरुणात पडून धुरीमामांशी बराच वेळ वाद घातला. ते गेले त्याला खूप वर्षं झाली, पण वाद घालायला उत्तम माणूस. मामा, उंबरठा घराबाहेर आला तर? मामा म्हणाले, “मग तो उंबरठो कसलो? ती पायरी झाली.” मी म्हणालो, बरं, पायरी तर पायरी. तिच्यावर पाय ठेवूनच माणसं घरात येतात. मग मला झोप लागली.

सामना आम्ही हरलो, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे कुणी त्याच्यासाठी ताटकळायला नको. दोन-एक. पहिला गोल कॉर्नरवर झाला, रिचर्डनं डोक्यानं मारला, जगातल्या कुठल्याही गोलकीपरला तो मिळाला नसता असं बेनेडिक्टनं बांधावरून मोठ्यानं जाहीर केलं. दुसरा शेवटच्या मिनिटांत झाला, आमचे सगळे दमले होते. अर्धा वेळ झाला तेव्हा आम्ही एकानं मागे होतो. मी लिंबूपाणी पीत बसलो. पहिला अर्धा भाग मी शर्लिननं सांगितलं तसंच केलं होतं. चेंडू आमच्याकडे आला की रेषा सोडून पुढे, डावीकडे, उजवीकडे. किती विचित्र वाटतं ते! पाठीमागे उघडा गोल, दार सताड उघडं टाकून शेजारी गप्पा मारायला गेल्यासारखं. मानेवर वारा लागत राहतो. बांधावरचे एक म्हातारे दोनदा ओरडलेही, “अरे तो काका हरवला की काय, गोल तिकडं हाय!” लोक हसले, मीही हसलो. पण चेंडू काही आला नाही. शर्लिननंसुद्धा दिला नाही. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिथेच होतो, पण तिनं भावाकडे बघितलं आणि चेंडू बांधापलीकडे मारला. नंतर माझ्याजवळून जाताना “सॉरी काका” म्हणाली. मी म्हणालो, “अगं, बरोबर केलंस.” लिंबूपाणी पिताना मला वाटलं, नाही दिला तर नाही दिला. मी आलो होतो तिथपर्यंत. पेला झेलला गेला आहे आज, तो कुणी काढून घेत नाही. अशी मी मनाची समजूत घातली, आणि ती अजिबात पटली नाही.

दुसरा भाग सुरू झाला तशी उन्हं चढली. धसकटं वाळून पायाखाली कुरकुरत होती. चर्चआळीला आणखी एक गोल हवा होता, त्यांनी गेल्या वर्षीसारखंच कोंडायला सुरुवात केली. आणि मग ते झालं. चेंडू आमच्या उजव्या कोपऱ्यात गेला, केल्विन त्याच्यामागे गेला, आणि रिचर्ड आणि त्यांचा आणखी एक असे दोघांनी त्याला तिथे गाठलं. त्याच्या एका बाजूला बांध, बांधापलीकडे नाला, आणि पाठ माझ्याकडे. चेंडू नाल्यात मारणं त्याच्या डाव्या पायाचं काम होतं, सकाळपासून तेच चाललं होतं. काठीनं चेंडू काढायला एक पोरगा नाल्याशी उभाच केला होता. मी तोवर रेषा सोडली होती. तिरका पुढे जाऊन अशा जागी उभा राहिलो की त्यानं मान जराशी वळवली तर मी दिसावं. हात वर केला नाही. ओरडलो नाही. मी नुसता होतो तिथे. केल्विननं मान वळवली. मला त्याचा चेहरा दिसला, घामानं चकाकणारा, आणि मी त्याला दिसलो हेही मला दिसलं. मग त्याचा डावा पाय उचलला गेला, नाल्याकडे. आणि थांबला. आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं त्यानं चेंडू माझ्याकडे दिला.

चेंडू धसकटांवरून टणटणत येत होता, प्रत्येक उडीला थोडी दिशा बदलत. रिचर्डनं केल्विनला सोडलं आणि तो माझ्यावर धावून आला, मान खाली, आणि मला, देवाशपथ सांगतो, त्याच्या हातात झाडू दिसला. डोळे चेंडूवरून हलले नाहीत. पाय पुढे गेला, चेंडू टेकला तसा किंचित मागे आला, आणि चेंडू पावलापाशी आवाज न करता थांबला. रिचर्ड इतका जवळ होता की त्याच्या श्वासाचा वारा लागला. मी चेंडू त्याच्या बाजूनं मधोमध उभ्या शर्लिनकडे सरकवला, हळू, कुणाला ताट पुढे करावं तसा. तिनं तो पुढे काढला, पुढे कुणीतरी धावत होतं, बांधावरून एकदम आरोळी उठली, पेंढ्यावरची पोरं खाली घसरली, आणि आमचा एकुलता एक गोल झाला. गोल केल्विननं मारला. तो मी पाहिला नाही, मला लोकांनी सांगितला, आणि त्यानंतर यमुनानं खिडकीतून दिसला तसा कितीदा तरी सांगितला. ती म्हणते, तुम्ही मधेच पुतळ्यासारखे काय उभे राहिला होतात? तिला काय सांगू? मी अजून त्या कोपऱ्याकडेच बघत होतो. केल्विनचा पाय चेंडूला लागल्यापासून चेंडू माझ्यापर्यंत येईपर्यंत जो एवढासा वेळ गेला, त्यात डोळ्यांच्या कडेनं मी त्याला पाहिलं होतं. तो थांबला नव्हता. चेंडू माझ्याकडे देऊन तो तसाच, एकदाही मागे वळून न बघता, पुढे पळत सुटला होता.